दोन तोरणांचं गाव

मला एका जागी बसता येत नाही. कुलगुरू असताना बैठकीत टेबलाखाली माझा पाय हलायचा आणि टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या थरथरायच्या. शेजारी बसणाऱ्या कुलसचिवांनी आपली बाटली न बोलता दुसऱ्या अंगाला सरकवायची सवयच लावून घेतली होती. आता ते पद संपलं, वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या घरी परत आलो, तरी पाय हलतोच. बायको म्हणते, खुर्ची गेली तरी तुमचं इंजिन काही बंद होत नाही. पेपर उभ्याने वाचतो, चहा अंगणात फिरत पितो, आणि लिहायला बसलो की चार ओळींत उठून फाटकापर्यंत जाऊन येतो. फाटकाशी कोणी आलेलं नसतं. निवृत्त कुलगुरूकडे कोण येणार?

घरची रीत मात्र बसण्याची. अल्लीपूरला आमचं कापडाचं दुकान होतं. आजोबा गादीवर बसले ते शेवटपर्यंत उठले नाहीत, आणि त्यांच्यामागे वडील बसले. गिऱ्हाईक येवो न येवो, दुकानदार बसलेला दिसला पाहिजे, असं वडिलांचं म्हणणं होतं. मला बसवलं की थोड्याच वेळात मी ठाणं उलगड, पुन्हा गुंडाळ, मोजपट्टीने आपलीच पाठ खाजव, असे उद्योग सुरू करायचो. कंटाळून त्यांनी मला आजूबाजूच्या आठवडी बाजारांना गाठोडी घेऊन धाडायला सुरुवात केली. तिथे कापड कमी खपायचं आणि गोष्टी जास्त गोळा व्हायच्या. कोणाच्या आज्याने नदीचं पात्र फिरवलं, कोणत्या गावात हनुमानाचं तोंड दक्षिणेकडून उत्तरेला झालं, असलं सगळं मी घरी घेऊन यायचो. शेवटी वडिलांनी हात टेकले. "शीक बापा तुले जे शिकाचं ते," ते म्हणाले, "पन मेलेल्याईच्या धंद्यात गिऱ्हाईक कोण, ते पाहून ठेवजो." मी इतिहास शिकलो. गिऱ्हाइकाचं अजूनही मला नीट सांगता येत नाही.

हा इतिहास मी कागदांवर कमी आणि ओट्यांवर जास्त शिकलो. माझी पद्धत एकच होती, आणि ती मी पुढे विद्यार्थ्यांना जन्मभर शिकवली. जे हवं आहे ते विचारायचं नाही. मालगुजारीबद्दल ऐकायचं असेल तर बैलाबद्दल विचारायचं, आणि बैलाबद्दल ऐकायचं असेल तर जावयाबद्दल. सरळ विचारलं की माणूस सरळ उत्तर देतो, आणि सरळ उत्तर बहुतेक वेळा त्याने दुसऱ्या कोणाकडून तरी ऐकलेलं असतं. आडरस्त्याने जायचं, चहा प्यायचा, माणूस आपणहून मुक्कामाला पोचतो. त्याला वेळ लागतो. एका जागी न बसणारा मी ओट्यावर तासनतास कसा बसायचो हे बायकोला अजून कोडं आहे. त्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याची आठवण चालू झाली की माझा पाय थांबतो. आयुष्यात मला लागू पडलेलं एवढं एकच औषध.

आंजीच्या पलीकडे एक गाव आहे. त्याचं नाव मी इथे घेत नाही. पुस्तकात घेतलं, तेवढं पुरे झालं.

आमच्याकडे पोळ्याला सगळ्या गावचे बैल आखरावर आणतात. आखर म्हणजे गावाच्या कडेची, गुरं जमवायची मोकळी जागा. तिथे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. त्याखाली जोड्या उभ्या राहतात, पहिली जोडी मानाची. मग झडत्या होतात, म्हणजे एकमेकांना चिमटे काढणारी कवनं लोक ओरडून म्हणतात, हर हर महादेवाचा गजर होतो, मानाची जोडी तोरणाखालून निघते आणि पोळा फुटतो. एक गाव, एक तोरण, अशी सगळीकडची रीत. या गावात मात्र मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकाची सत्ता, कायद्याने गेली त्या सुमाराला एका वर्षी अचानक दोन तोरणं लागली. एक मालगुजाराचं, ठरल्या जागी. दुसरं आखराच्या दुसऱ्या टोकाला, एका शेतकऱ्याने बांधलेलं. अर्धे बैल इकडे, अर्धे तिकडे. काही वर्षं त्या गावात दोन पोळे फुटत राहिले, मग पुन्हा एक तोरण झालं, आणि पहिल्या जोडीचा मान आळीपाळीने घरोघर फिरू लागला.

दुसरं तोरण का लागलं, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. गावातले पुरुष एकसुरात सांगायचे, मालगुजारीच गेली, मंग मान कायले राह्यते? मला ते फार आवडलं. सत्ता गेली, सत्तेची सावली उरली होती, आणि शेतकऱ्यांनी पोळ्याच्या दिवशी ती सावली पुसली. असं प्रकरण हाती लागणं म्हणजे संशोधकासाठी आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं होतं. मी ते घोळवत फिरत होतो. बसमध्ये, बाजारात, आंघोळीला पाणी तापेपर्यंत, सगळीकडे त्यातली वाक्यं जुळवत होतो.

दुसरं तोरण ज्याने बांधलं तो शेतकरी केव्हाच वारला होता. त्याच्या घरी त्याचा धाकटा मुलगा आणि थोरली सून होती. सून तेव्हा पन्नाशीची असेल. मी तिला काकू म्हणायचो. तोरण लागलं त्या वर्षी ती त्या घरात नवी नवरी होती. मी तिच्या दिराशी ओट्यावर बोलत होतो, आणि तो मालगुजारीचं तेच पुराण रंगवून सांगत होता. काकू चहा घेऊन आली, उंबऱ्यात थांबून तिने दिराचं बोलणं ऐकलं, आणि तोंडाला पदर लावून हसली. दीर बैलाला पाणी दाखवायला उठून गेला तेव्हा मी विचारलं, काऊन हसता काकू?

"तसं नाई ते, बाबू," ती म्हणाली. "मालगुजारीचं त्यात काईच नाई. येजो कधी निवांत, सांगीन. लय मजेचं हाये."

मी म्हटलं, येतो. मनापासून म्हटलं. पण निवांत हा शब्द माझ्या घरी कधी राहायलाच आला नाही. प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती, मार्गदर्शक नागपुरात डोळे वटारून बसले होते, आणि खरं सांगायचं तर प्रकरण इतकं जुळून आलं होतं की त्याला हात लावायचं जिवावर आलं. एका बाईचं हसू, त्याला तळटीप कशी देणार? प्रबंध गेला, पदवी मिळाली, पुस्तक निघालं. दोन तोरणांचं प्रकरण लोकांनी उचलून धरलं. कुठल्या कुठल्या संग्रहांत ते छापून आलं. चर्चासत्रांत लोक मला 'ते दोन तोरणंवाले' म्हणून ओळखू लागले. त्या एका प्रकरणाच्या पाठीवर बसून मी अधिव्याख्याता झालो, विभागप्रमुख झालो, अधिष्ठाता झालो, आणि शेवटी दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या विद्यापीठाचा कुलगुरू झालो.

मुलाखतीत एका सदस्याने विचारलं होतं, इतिहासाचा माणूस विद्यापीठ काय चालवणार? मी म्हटलं, इतिहासाच्या माणसाला चुकांची भरपूर माहिती असते. ते हसले आणि माझी निवड झाली. माहिती असणं वेगळं आणि चूक टळणं वेगळं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

पहिल्याच वर्षी एका इमारतीवरून दोन विभाग भांडत माझ्याकडे आले. दोघांचं म्हणणं, ही आमची. मी माझी ओट्याची पद्धत लावली. एकेकाला बोलावून चहा पाजला, त्यांच्या गावांची, लेकीबाळींची चौकशी केली, जुन्या निवृत्त प्राध्यापकांच्या घरी जाऊन बसलो, आणि इमारतीचा पाया खणल्यापासूनचा दोन्ही बाजूंचा वृत्तांत लिहून एक लांबलचक टिपण तयार केलं. मला ते माझ्या उत्तम लेखनापैकी वाटतं. कुलसचिवांनी ते भक्तिभावाने वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "सर, फारच सुंदर. निर्णय कुठल्या पानावर आहे?"

निर्णय कुठल्याच पानावर नव्हता. आम्ही इतिहासवाले सगळे मेल्यावर निकाल देणारे. इथे दोन्ही पक्ष जिवंत होते आणि बाहेर सोफ्यावर बसले होते. पुढे कित्येक महिने ते दोन विभाग माझ्याच टिपणातले उतारे एकमेकांच्या तोंडावर फेकत भांडले.

मग मी शिकलो. शिकलो म्हणजे बदललो. समोरचा बोलायला लागला की दोन वाक्यांत मी विचारायचो, मुद्दा काय? विषय क्रमांक अमुक, चर्चा झाली, मंजूर. पुढचा विषय. लोक म्हणायला लागले, सर भलतेच धडाडीचे निघाले. मलाही ते बरं वाटायचं. एकदा सुट्टीत घरी आलो होतो आणि बायको तिच्या बहिणीच्या आजारपणाचं सांगत होती. मी म्हटलं, मुद्द्यावर ये. ती स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, पण वाढण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

या सगळ्या धावपळीत काकूचं हसू मला मधूनमधून टोचायचं. विद्यापीठाच्या बैठकीत अर्थसंकल्पावर कोणी बोलत असायचं आणि माझ्या डोक्यात यायचं, लय मजेचं हाये. काय मजेचं? दोन तोरणं लागण्यासारखं, गाव दुभंगण्यासारखं मजेचं काय असू शकतं? मी तर्क करायचो. बैलांवरून, लग्नावरून, एखाद्या झडतीत कोणी काही भलतंच बोललं त्यावरून. पाय हलायला लागायचा आणि बाटल्या थरथरायच्या. सुट्टीत वर्ध्याला आलो की आंजीच्या रस्त्याला लागायचो. एकदा अर्ध्या वाटेवरून फोन आला म्हणून गाडी फिरवली. एकदा गावाच्या शिवेपर्यंत गेलो आणि कळलं की काकू लेकीकडे गेली आहे.

मग त्या गावानेच मला बोलावलं. पोळ्याच्या दिवशी माझा सत्कार ठेवला होता. मी एरवी सत्कारांना वैतागायचो, शालींचा घरी ढीग झाला आहे, पण या निमंत्रणाला लगेच हो म्हटलं. सत्कार झाला की काकूच्या ओट्यावर टेकायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं.

गाडी शाळेपाशी थांबली आणि मी खाली उतरलो तोच समोरची भिंत दिसली. भिंतीवर रंगाने दोन तोरणं काढली होती, मधे नांगर, आणि खाली मोठ्या अक्षरांत माझ्या पुस्तकातलं वाक्य. मंडपात मुलांनी माझ्या प्रकरणाचं नाटुकलं केलं. गालावर काजळाच्या मिशा काढलेला मालगुजार मंचभर पाय आपटत फिरत होता, आणि फेटेवाले शेतकरी त्याला धडधडीत माझ्या भाषेत सुनावत होते. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. न वाजवून काय करतो?

शाल घालायला त्यांनी मुद्दाम मालगुजाराच्या नातवाला पुढे केलं होतं. गावात त्याचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि औषधं विकतो, साधा, हसतमुख माणूस. शाल माझ्या खांद्यावर सारखी करता करता तो हळूच म्हणाला, "साहेब, तुमच्या पुस्तकानं आमची जोडी पार मांगं टाकली. पोट्टे म्हनतेत, मालगुजाराची जोडी सगळ्याईच्या मांगूनच निंघन, तसा इतिहास हाये. काई हरकत नाई जी. इतिहासच हाये तं काय कराव."

तो हसला. मला हसता आलं नाही. मान आळीपाळीने फिरत होता हे मी स्वतः बघून, विचारून लिहिलं होतं. त्या फेऱ्यातून एक घर बाहेर काढा असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. पण पुस्तक वाचून पुढच्या पिढीने ते ठरवलं, आणि आता गावातल्या मुलांना वाटतं की ती रीत पूर्वापार आहे. संध्याकाळी आखरावर मी ते डोळ्यांनी पाहिलं. सगळ्या जोड्या गेल्या, धूळ खाली बसत आली, आणि मग त्या घरची जोडी निघाली. बैल सजवले मात्र फार सुंदर होते.

सत्काराच्या मंडपात काकू पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली होती. पार वाळली होती. तिच्या हातात ध्वनिक्षेपक देऊन सूत्रसंचालक म्हणाला, काकू, साहेबांनी लिहिलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, दोन शब्द बोला. काकू म्हणाली, "सायबानं लिवलं ते बराबर हाये." पुन्हा टाळ्या. मी तिच्याकडे बघत होतो, पदर तोंडाला जातो का म्हणून. गेला नाही. नंतर तिच्या घरी गेलो तर अर्धं गाव आमच्यामागून आत शिरलं, प्रत्येकाला माझ्यासोबत फोटो हवा होता, आणि तेवढ्यात विद्यापीठातून फोन आला की वसतिगृहाची मुलं दारात धरणं धरून बसली आहेत. चहा तसाच ठेवून मी निघालो.

त्यानंतर मला चैन पडेना. प्रकाशक नव्या आवृत्तीच्या मागे लागले होते. काही बदल करायचा असेल तर आत्ताच सांगा, असं त्यांचं चाललं होतं. बायको म्हणाली, जसं आहे तसं जाऊ द्या, इतक्या वर्षांनी कोण विचारतंय? तिचं खरं होतं, कोणीच विचारत नव्हतं. म्हणूनच जीव जास्त जळत होता. काकू जर त्या पहिल्या वेळी उंबऱ्यात खरं बोलली असेल, तर एक घर दर पोळ्याला विनाकारण सगळ्यांच्या मागे उभं राहत होतं, आणि ज्या गोष्टीमुळे मी मी झालो ती गोष्ट घडलेलीच नव्हती. आणि तिचं चुकलं असेल तर तेही मला हवं होतं. काहीही चाललं असतं. न कळणं तेवढं चालत नव्हतं. प्रकाशकांना मी सांगितलं, थांबा. का, ते सांगितलं नाही.

पद सुटलं आणि पहिल्याच हिवाळ्यात मी निघालो. ड्रायव्हर नाही, फोन घरी, जुनी स्कूटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि बाया वेचणीला लागल्या होत्या. आंजीला चहा प्यायलो तर टपरीवाल्याने ओळखलं नाही, आणि मला इतका आनंद झाला की दुसरा कप मागितला. गावात शिरताना शाळेच्या भिंतीकडे बघायचं टाळलं.

काकू ओट्यावर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती. कान जरा जड झाले होते, नजर चांगली होती. मला पाहून तिने आत हाक दिली, सायबाले खुर्ची आना वं. तिची नातसून खुर्ची घेऊन आली. ती गावच्याच शाळेत शिकवते, त्या दिवशी रविवार म्हणून घरी होती. मी खुर्ची बाजूला सारून जमिनीवर बसलो. गुडघे वाजले, पण बसलो. नातसून चहा ठेवून आत गेली. ओट्यावर आम्ही दोघंच.

मी जुन्या पद्धतीने सुरुवात केली. तुरीबद्दल विचारलं. मग बैलांबद्दल. बैल कुठले आता, ती म्हणाली, सगळीकडे ट्रॅक्टर, पोळ्याला कोणी कोणी तर मातीचेच बैल पुजतात. मग तिच्या माहेराबद्दल विचारलं, लग्नात वऱ्हाड कसं आलं, पाऊस कसा लागला, सासू कशी होती. सासू मोठी कडक होती म्हणाली, पण चोरून गूळ खायची. ती बोलत गेली. बोलता बोलता तिचं तिनेच पहिल्या पोळ्याचं नाव काढलं, आणि माझा पाय थांबला. कितीतरी वर्षांनी थांबला. 

काकूने सूप बाजूला ठेवलं. हात पुसले, मांडीवर जुळवले, मान सरळ केली, आणि शाळेतली मुलगी कविता म्हणते तशी एका सुरात म्हणायला लागली. मालगुजारी गेली, पन मान तसाच गावाच्या मानेवर बसून होता. शेतकऱ्यानं बांधलं ते तोरण आंब्याच्या पानाईचं नवतं, ते येनाऱ्या काळाचं होतं.

हे वाक्य माझं आहे. तरुणपणी लिहिलेलं, टाळीच्या आशेने लिहिलेलं. ती पुढे म्हणत राहिली, परिच्छेदामागून परिच्छेद, कुठे अडखळली नाही. माझ्या पुस्तकातली सावली आली, सत्ता आली, मी मोठ्या हौसेने घातलेला 'अस्मिता' शब्दसुद्धा आला, तिने तो 'अस्मीता' असा लांबवून म्हटला. म्हणून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, बरोबर आलं ना, अशा नजरेने. नातसून वाचून दाखवते, म्हणाली. दर पोळ्याला शाळेत पोरांपुढे तिच्याकडून म्हणवून घेतात.

मला ओरडावंसं वाटलं. कोणावर, ते कळत नव्हतं. मी जन्मभर पाळलेला नियम मोडला आणि सरळ विचारलं.

"काकू, हे माझं आहे. मला तुमचं पाहिजे. तुम्ही तेव्हा म्हणाल्या होत्या, तसं नाही ते."

"म्हनलं असन," ती म्हणाली.

"तुम्ही हसल्या होत्या."

त्यावर तिचा चेहरा एकदम उजळला. हासत जावो ना आमी, म्हणाली. ती आणि तिची जाऊ. पोळ्याचं नाव निघालं की दोघींना हसू आवरायचं नाही, सासरा घरात आला की तोंडात पदर कोंबून चुलीपाशी पळायच्या, सासू कावायची आणि मग सासूही हसायची. सांगताना तिला आत्ताही हसू येत होतं. खांदे हलत होते. मी विचारलं, पण कशाचं हसू? ती बोलायला गेली आणि थांबली. अंगणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. सासूबाईचं काहीतरी होतं, म्हणाली. का मालगुजाराच्या बाईचं. तोरण तर आपल्या सासऱ्यानेच बांधलं, पण ते बांधायला का गेले होते... तिचा हात हवेत तसाच राहिला.

"नाई बापा. गेलं."

मी म्हटलं, असू दे काकू, आठवेल. ती मान हलवत राहिली. मग तिला काहीतरी सुचलं आणि ती निर्धास्त झाली, अगदी डोळ्यांना दिसेल इतकी.

"पन मी तुमाले सांगतलं असन ना तवा? तुमी तं सारं इचारून लिवून नेलं होतं. जाऊ वारली तवा मनात आलतं, आता हे गोष्ट एकट्या मलेच मालूम. मंग म्हनलं, कायची फिकीर, बाबूपाशी हाये ते. आपुन कायले ध्यानात ठेवाव."

 आतून भांड्यांचा आवाज येत होता. काकू माझ्याकडे जरा सरकली, कान पुढे केला, आणि लहान पोराला लाडीगोडी लावावी तशा आवाजात म्हणाली, "काय होतं जी ते? सांगा ना. एकडाव हासावं म्हनते."

आणि मी तोंड उघडीन म्हणून ती थांबून राहिली, पदर आधीच ओठांशी धरून.